पाण्यात सोमल आहे? जिवाणूंना विचारा!

स्कॉटलंडमधल्या विद्यार्थ्यांनी एका सुट्टीत पाण्यातलं विष ओळखणारे जिवाणू घडवले. मग ती कुपी बंगालच्या हातपंपापर्यंत का पोहोचली नाही?

हातपंपाला लाल रंग असेल तर पाणी प्यायचं नाही. हिरवा असेल तर खुशाल प्यायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही कळेल इतका सोपा नियम!

बांगलादेशात २००० ते २००३ च्या सुमारास ही रंगरंगोटी झाली. तपासनीस गावोगाव फिरले. सुमारे ५० लाख हातपंपांचं पाणी त्यांनी तपासलं आणि ज्या पाण्यात सोमल मर्यादेपेक्षा जास्त आढळला, त्या पंपाच्या तोंडाला लाल रंग फासला. असे लाल पंप निघाले जवळपास १४ लाख. म्हणजे दर दहा पंपांमागे तीन!

पण रंगच तो. दोन-चार पावसाळ्यांत उडायचाच. शिवाय त्यानंतर लोकांनी पदरचे पैसे घालून लाखो नवे पंप बसवले. त्यांचं पाणी कुणी तपासायचं? प्रयोगशाळा शहरात, त्यातली यंत्रं लाखो रुपयांची आणि पंप तर जवळजवळ प्रत्येक अंगणात. हा प्रश्न ऐकून हजारो मैलांवरच्या, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांच्या डोक्यात २००६ साली एक कल्पना आली. पाणी तपासायला यंत्र कशाला हवं? जिवाणूच ठेवू या कामाला!

त्या कल्पनेचं पुढे काय झालं, ते सांगण्याआधी हे विष अंगणात आलं कसं ते बघायला हवं.

भलं करायला गेले आणि…

सोमल हा शब्द आपल्याला नवा नाही. जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये दुधातून, विड्यातून सोमल देऊन काटा काढल्याचे प्रसंग आपण वाचलेत. शास्त्राच्या पुस्तकात त्यालाच आर्सेनिक म्हणतात. त्याला वास नाही, चव नाही आणि पाण्यात विरघळला की रंगही नाही. म्हणून तर विष देणाऱ्यांचा तो लाडका!

पण बंगालमध्ये हे विष कुणी मुद्दाम घातलं नाही. उलट ते आलं लोकांचं भलं करण्याच्या धडपडीतून. पूर्वी तिथली माणसं तळ्याचं, नदीचं पाणी पीत. त्यातून कॉलरा व्हायचा, हगवण लागायची, तान्ही मुलं दगावायची. म्हणून १९७० च्या दशकापासून सरकार आणि युनिसेफसारख्या संस्थांनी गावोगाव ट्यूबवेल खणायला मदत केली. जमिनीखालचं पाणी स्वच्छ, थंड, जंतूंपासून सुरक्षित. लोकांना ते इतकं पटलं, की पुढे ते स्वतःच्या खर्चाने पंप बसवू लागले. अंगणात पंप म्हणजे घराची शान आणि बाईच्या डोक्यावरचा हंडा कमी!

त्या पाण्यात सोमल असेल, अशी शंका तेव्हा कुणाला आली नाही. कोणी ते तपासलंच नाही. हिमालयातून नद्यांबरोबर वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून सोमल येतो. गाळ एकावर एक साचत जातो. खाली प्राणवायू पोहोचत नाही, पण कुजलेला पालापाचोळा असतो आणि त्यावर जगणारे जिवाणू असतात. हे जिवाणू त्या लोहाच्या कणांचं रूप पालटतात आणि त्यांना चिकटलेला सोमल सुटून पाण्यात उतरतो. म्हणजे विष मोकळं करणारे जिवाणूच आणि पुढे विद्यार्थ्यांनी ते ओळखायला कामाला लावलेले तेही जिवाणूच!

हा प्रकार पहिल्यांदा ओळखला तो कोलकात्यातल्या त्वचारोगतज्ज्ञाने. १९८३ साली स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून असे रुग्ण येऊ लागले, ज्यांच्या छाती-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग होते आणि तळहात-तळपाय खरखरीत होऊन त्यांवर गाठी आल्या होत्या. सोमलाची ही बाधा अंगात भिनायला वर्षानुवर्षं लागतात. आधी कातडी आणि मग त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग. जाधवपूर विद्यापीठातले डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून अखेरपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, हाच एक ध्यास घेतला. खेड्यापाड्यांतून पाण्याच्या बाटल्या गोळा करायच्या, तपासायच्या आणि ऐकून न घेणाऱ्यांना ऐकवत राहायचं! बांगलादेशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंज इथे पाण्यात सोमल सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एका लेखाने या साऱ्याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं. त्या लेखातला अंदाज होता, साडेतीन ते पावणेआठ कोटी माणसांना धोका.

कातडीवरचे डाग हा काही फक्त आजार राहत नाही. महारोग समजून शेजारी लांब राहतात. मुलीच्या हातावर डाग दिसले की स्थळं येईनाशी होतात. सुनेला माहेरी पाठवलं जातं. असं का होतं, हे आपल्याकडच्या घरांत वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दह्यासारखी गोष्ट

आता एडिंबरा. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेत २००३ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी एक छोटा अभ्यासवर्ग झाला. जिवाणूंची जनुकं, म्हणजे गुणधर्म ठरवणारे तुकडे, लेगोच्या ठोकळ्यांसारखे एकमेकांना जोडून नवा जिवाणू घडवता येईल का, हा त्याचा विषय. टॉम नाइट हे मुळात संगणकातले अभियंते. त्यांनी या तुकड्यांची टोकं ठरावीक पद्धतीची असावीत अशी रीत पाडली. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला जोडता यावा, यासाठी. २००४ मध्ये पाच अमेरिकी विद्यापीठांची स्पर्धा झाली. तिचं नाव ‘आयजेम’. २००६ मध्ये संघ झाले तीसहून अधिक. त्यात बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संघही होता आणि पहिल्यांदाच उतरलेला एडिंबराचाही.

स्पर्धेची रीत मोठी मजेशीर आहे. सुट्टीच्या सुरुवातीला संघांना जनुकांच्या तुकड्यांचा संच मिळतो. मुलांनी त्यातून काहीतरी घडवायचं, नवे तुकडे बनवायचे आणि ते सर्वांच्या सामायिक भांडारात जमा करायचे. पुढच्या वर्षी जगातल्या दुसऱ्या कुठल्या तरी संघाने ते खुशाल वापरावेत. ज्ञान असं वाटून घेण्याची ही पद्धत, खरं सांगायचं तर, मला बक्षिसापेक्षाही आवडली. (मोठं बक्षीस म्हणजे लेगोच्या ठोकळ्याच्या आकाराची ॲल्युमिनियमची वीट!)

त्या वर्षी कुणाच्या डोक्यातून काय निघालं म्हणता? एमआयटीच्या पोरांनी वासाने ओळखता येणारे जिवाणू बनवले. वाढत असताना त्यांना विंटरग्रीनच्या तेलाचा, म्हणजे दुखऱ्या सांध्यांना लावायच्या मलमासारखा वास आणि वाढ थांबली की केळ्याचा! एडिंबराच्या संघात जीवशास्त्राचे विद्यार्थी होते तसेच अभियांत्रिकीचे आणि संगणकाचेही. मार्गदर्शक होते डॉ. ख्रिस फ्रेंच. या मुलांनी गंमत बाजूला ठेवली आणि बंगालचा हातपंप निवडला.

त्यांनी केलं काय, ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने पटकन कळतं. आपण रात्री कोमट दुधाला विरजण लावतो. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि आम्ल तयार करतात. सकाळी दही लागलेलं असतं. आता समजा, असं विरजण मिळालं जे फक्त सोमल असेल तरच आंबट होईल आणि नसेल तर गोडच राहील. मग आंबट झालं की नाही, एवढंच बघायचं!

हे घडवायला त्यांनी घेतला ई. कोलाय नावाचा जिवाणू. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात तो असतोच. त्याचे काही भाईबंद जुलाब-उलट्यांना कारण होतात, पण प्रयोगशाळेत वापरतात तो पिढ्यान्‌पिढ्या काचेच्या बशीत वाढलेला, मवाळ झालेला वाण. मधुमेहींना लागणारं इन्सुलिन बनवण्यासाठी याच जिवाणूत १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक घातलं गेलं होतं आणि १९८२ पासून ते औषध बाजारात आलं. म्हणजे जिवाणूंना कामाला लावणं ही काही कालपरवाची गोष्ट नाही.

ई. कोलायकडे सोमलापासून बचावाची स्वतःची एक युक्ती असते. त्याच्या जनुकांवर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. सोमल नसेल तोवर पहारेकरी दार अडवून ठेवतो. सोमल आत आला की तो पहारेकऱ्याला चिकटतो, त्याची पकड सुटते, दार उघडतं आणि सोमलाला बाहेर फेकणारी यंत्रणा सुरू होते. हे निसर्गाने केलेलं आहे. विद्यार्थ्यांनी तेच दार, तोच पहारेकरी उचलला आणि त्याच्यामागे दुसरंच जनुक ठेवलं, ते म्हणजे लॅक्टोज पचवण्याचं. हा संच घातला लॅक्टोज पचवू न शकणाऱ्या वाणात. झालं! आता या जिवाणूला दुधातली साखर खायची तर आधी सोमल यायला हवा. सोमल आला की तो साखर खाणार, आम्ल करणार. पाणी आंबट!

हे नेमकं किती थोड्या सोमलाला जमायला हवं? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही ना? उन्हाळ्यात आपल्या दारात येतो तो १० हजार लिटरचा टँकर आठवा. त्या अख्ख्या टँकरमध्ये सोमल ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नको. पोह्यांवर टाकायच्या मिठाची चिमूटसुद्धा त्याहून जड असेल! एडिंबराचे जिवाणू त्याच्याही निम्म्या, म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम सोमलाला प्रतिसाद देत होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुलांचा मूळ बेत याहून मोठा होता. स्वच्छ पाणी असेल तर दुसऱ्या एका जनुकाने अमोनिया तयार करून ते क्षारयुक्त करायचं, थोडा सोमल असेल तर मधोमध राहायचं आणि जास्त असेल तर आंबट व्हायचं. म्हणजे एकाच कुपीत तीन उत्तरं. स्पर्धेच्या वेळेपर्यंत आंबट होण्याचा भाग नळीत सिद्ध झाला. बाकीचं संगणकावरच्या गणितात राहिलं. तरीही २००६ च्या नोव्हेंबरमध्ये एमआयटीतल्या मेळाव्यात, प्रत्यक्ष जगात उपयोगी पडेल असा प्रकल्प म्हणून या संघाला बक्षीस मिळालं आणि २००७ मध्ये त्यांचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये डॉ. फ्रेंच यांच्या गटाने आणखी एक निबंध लिहिला. त्यात आंबटपणा मोजायला यंत्रही नको होतं. दहावी-बारावीच्या प्रयोगशाळेत असतो तसला रंग बदलणारा निर्देशक पुरे. पाण्यात सोमल असेल तर निळ्याचा पिवळा.

जुनं तंत्र काय वाईट होतं?

इथे कुणी विचारेल, की बांगलादेशातले ५० लाख पंप तपासले ते कशाने? जिवाणूंशिवायच ना?

बरोबर. त्यासाठी एक रासायनिक पेटी असते. पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची. सोमल असेल तर आर्साइन नावाचा वायू निघतो. तो पाऱ्याचं संयुग लावलेल्या कागदावरून गेला की कागद पिवळा-तपकिरी होतो. छापील तक्त्याशी रंग ताडून बघायचा. पेटी स्वस्त आहे, उत्तर लगेच मिळतं. पण आर्साइन स्वतः जहाल विषारी, वापरलेल्या कागदावर पारा आणि मर्यादेच्या आसपासचे फिके रंग ओळखताना डोळा फसतो. जाधवपूरच्या गटानेच २००२ मध्ये दाखवून दिलं होतं, की या पेट्यांमुळे बरेच पंप चुकीचे रंगवले गेले. विषारी पंपाला हिरवा रंग लागणं म्हणजे काय, याचा विचार करा!

एडिंबराच्या मुलांच्या आधीही जिवाणूंकडून सोमल ओळखण्याचे प्रयत्न झाले होते. स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी बनवलेले जिवाणू व्हिएतनाममधल्या विहिरींच्या पाण्यावर तपासले गेले. सोमल असला की चमकणारे, वाळवून कुपीत भरलेले जिवाणू घेऊन जर्मन संशोधक बांगलादेशात जाऊन आले. त्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले आणि ते चांगले होते. पण चमक मोजायला एक उपकरण लागतं. एडिंबराच्या कल्पनेचं वेगळेपण हे, की नुसत्या डोळ्यांनी रंग बघायचा.

नळीतून गावात

मग अडलं कुठे?

अडलं ते शास्त्राबाहेर. प्रयोगशाळेत जनुकं बदललेले जिवाणू हाताळायला नियम आहेत, दारं-खिडक्या बंद ठेवून काम चालतं. असे जिवाणू शेतात, निसर्गात मोकळे सोडायचे तर वेगळे, फार कडक नियम आहेत. पण कुपीत बंद करून आरोग्यसेविकेच्या पिशवीत दिले तर? ते बंदिस्त म्हणायचे की मोकळे? कुपी फुटली तर? पोराने उघडून ओतली तर? युरोपातले नियम लिहिले गेले तेव्हा अशी वस्तू कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. एडिंबरा आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी पुढे मिळून हे काम चालवलं. पाणी आत जाईल पण जिवाणू बाहेर येणार नाहीत अशा बंद डबीचा विचार झाला. कोरडे, सुप्त बीजाणू होऊन टिकणारा बॅसिलस नावाचा दुसरा जिवाणूही घेऊन पाहिला. तो उन्हातान्हात, शीतकपाटाशिवाय राहू शकतो. पण परवानगी कोणत्या कलमाखाली मागायची, हा प्रश्न अनेक वर्षं पुरला. आज, त्या उन्हाळ्याला जवळपास वीस वर्षं होत आली तरी, ती डबी गावच्या हातपंपाशी पोहोचलेली नाही.

सरकारी बाबूंच्या नावाने बोटं मोडायचा मोह इथे होतो. मलाही झाला. पण जरा थांबू या. या जिवाणूंना घडवताना बहुधा प्रतिजैविकाला दाद न देणारं एक जनुकही सोबत घातलं जातं, म्हणजे बदललेले जिवाणू वेगळे काढता येतात. ते जनुक पाण्यात-मातीत गेलं आणि रोगजंतूंच्या हाती लागलं तर? शक्यता कमी असेल, पण एकदा पसरलेलं परत गोळा करता येत नाही. बंगालनेच तर हे पाहिलंय. पन्नास वर्षांपूर्वी ट्यूबवेल खणणारेही चांगल्या मनाचेच होते आणि त्यांनीही एक तपासणी करायची राहू दिली होती. म्हणून ‘आधी तपासू, मग सोडू’ म्हणणारा नियम मला चुकीचा वाटत नाही. चुकीचं वाटतं ते हे, की तपासून हो किंवा नाही सांगणारं दारच वर्षानुवर्षं सापडू नये. तोवर पाणी पिणारा पीतच राहतो.

आपल्या देशातही जनुकं बदललेल्या सूक्ष्मजीवांसाठी पर्यावरण कायद्याखाली १९८९ मध्ये केलेले नियम आहेत. आणि प्रश्न फक्त बंगालचा नाही. २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझा पट्टी गावात सोमल सापडला. त्यानंतर उत्तर प्रदेशात बलियाच्या बाजूला. गंगेच्या काठाने तो सापडतच गेला. कोलकाता-पाटण्याकडे राहणाऱ्या आपल्या मराठी वाचकांना हे ठाऊक असेल. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळावर बसलाय, त्यामुळे ही पीडा आपल्याकडे तशी नाही. मात्र यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने वाकडी झालेली हाडं आणि डागाळलेले दात बघितलेल्यांना वेगळं काय सांगायचं!

कळलं, पुढे काय?

समजा, उद्या कुपी आली. अंगणातला पंप विषारी आहे, हे कळलं. मग?

बांगलादेशातल्या आराईहाजार भागात शास्त्रज्ञांनी याचा मागोवा घेतला. पंप विषारी आहे असं कळल्यावर वर्षभरात सुमारे ६० टक्के घरांनी दुसरीकडून पाणी आणायला सुरुवात केली. कुणी सक्ती केली नव्हती, पैसे दिले नव्हते. नुसतं सांगितलं होतं. त्याच भागातल्या सुमारे ११ हजार प्रौढांवर २० वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरातलं सोमलाचं प्रमाण उतरलं, त्यांच्यात जुनाट आजारांनी होणारे मृत्यू, ज्यांचं प्रमाण चढंच राहिलं त्यांच्यापेक्षा निम्म्यापर्यंत कमी आढळले. म्हणजे वर्षानुवर्षं विष प्यायलेल्यालाही पंप बदलून फायदा होतो. उशीर झाला म्हणून सगळं संपलं असं नाही.

उरलेल्या ४० टक्क्यांचं काय? त्यातल्या काहींचा चांगला पंप लांब असेल, काहींचा दुसऱ्याच्या अंगणात. रोज कुणाच्या दारात हंडा घेऊन उभं राहायचं? तिथे खूप खोल, दीडशे मीटरच्या खाली गेलं की बहुतेक ठिकाणी चांगलं पाणी लागतं. पण तेवढं खणायचा खर्च एका घराला झेपत नाही. ते काम पंचायतीचं, सरकारचं आणि ते कुठल्याही जिवाणूला शिकवता येत नाही.

‘आयजेम’ आता पॅरिसमध्ये भरते. चारशेच्या आसपास संघ येतात. पुण्याच्या ‘आयसर’चे आणि आपल्या आयआयटींचे विद्यार्थीही त्यात असतात. संघाने आपला शोध वापरणाऱ्यांशी बोलायला हवं, नियम समजून घ्यायला हवेत, धोका मांडायला हवा, यालाही आता तिथे गुण असतात. एडिंबराने भांडारात जमा केलेला सोमल ओळखणारा तुकडा पुढच्या संघांना खुला झाला, आणि सोमलावर नंतरही अनेक संघांनी काम केलं.

कधी ना कधी डबी निघेलच. तेव्हा ती वापरायची पद्धत साधारण अशीच असेल. संध्याकाळी पंपाचं पाणी भरून घ्यायचं, डबी उबदार कोपऱ्यात ठेवायची, विरजणाच्या भांड्याशेजारी ठेवली तरी चालेल. सकाळी रंग बघायचा. पिवळा दिसला तर हंडा उचलून शेजारच्या आळीत निघायचं, तिथलं पाणी निळं निघालं असेल तर.